शिस्त आणि अंगठा

गेल्या वर्षीची गोष्ट. नववीच्या वर्गात उर्दूचा तास चालू होता. एका शिकाऱ्याची गोष्ट वाचून दाखवत होतो. तिच्यात शिकारी 'शिस्त बांधतो', म्हणजे नेम धरतो, असं वाक्य आलं. मी अर्थ सांगून पुढे निघालो, तेवढ्यात तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला.

"सर, शिस्त म्हणजे निशाणा?"

"हो."

"मग आपल्या व्हरांड्यात मराठीत लिहिलंय 'शिस्त पाळा', ते काय? निशाणा पाळा?"

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मी सकाळी उर्दू शिकवतो आणि दुपारच्या सुट्टीनंतर त्याच मुलांना मराठी. वीस वर्षं मी एकाच तोंडानं दोन्ही भाषांत 'शिस्त' म्हणत आलो. पण हा शब्द एकच आहे, हे चौदा वर्षांच्या मुलीनं विचारेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

शब्द मूळचा फारसी. फारसीत 'शस्त' म्हणजे हाताचा अंगठा. घोड्यावरून बाण सोडणारे तुर्क, इराणी, मोगल धनुष्याची दोरी अंगठ्यानं ओढत. दोरीनं अंगठा कापू नये म्हणून त्यात एक जाड अंगठी घालत, तिलाही शस्तच म्हणत. अंगठी घालून, दोरी ओढून तिरंदाज नेम धरतो, म्हणून शिस्त म्हणजे नेम. उर्दूत अर्थ तिथंच थांबला. मराठीत तो आणखी पुढे चालत गेला. आपल्या जुन्या मराठीतही बंदुकीची शिस्त धरत असत. मग नेम धरणाऱ्याला जो नीटनेटकेपणा, जो ताबा लागतो, त्यालाच शिस्त म्हणू लागले. आज नेम कुणाला आठवत नाही, भिंतीवरची शिस्त तेवढी राहिली आहे.

बी.एड.च्या सहलीत हैदराबादला सालारजंग संग्रहालयात शहाजहानची अशी एक अंगठी काचेआड पाहिली होती. हिरव्या जेड दगडाची. तेव्हा वाटलं, बादशहाचा दागिना असेल. ते हत्यार आहे हे पाटीवर वाचून कळलं.

मी वर्गाला हे सांगितलं. आणि मुलांना माहीत असलेली उहदची लढाईही सांगितली. हिजरी सन ३, म्हणजे इ.स. ६२५. पैगंबरसाहेबांनी (स.) टेकडीवर ५० तिरंदाज बसवले होते आणि बजावलं होतं, काहीही झालं तरी जागा सोडायची नाही, आम्ही हरताना दिसलो तरी नाही, जिंकताना दिसलो तरी नाही. जिंकल्यासारखं दिसू लागलं तसे त्यातले बहुतेक जण खाली उतरले. मागून घोडदळ आलं आणि लढाई फिरली. "त्यांचा नेम चुकला नव्हता," मी म्हणालो, "त्यांची शिस्त चुकली. बाण मारता येणं वेगळं आणि तिरंदाज असणं वेगळं."

तास छान झाला. मुलं खूश, मीही खूश. पण संध्याकाळी घरी आल्यावर काहीतरी टोचत राहिलं. एका जुन्या माणसाचा आवाज कानात आला. त्यानं मला हेच शिकवलं होतं, आणि मी ते पाळलं नव्हतं.

*

तेव्हा नंदुरबार जिल्हा झाला नव्हता, सगळा धुळे जिल्हाच होता. माझे अब्बा कपड्याचं गाठोडं घेऊन सातपुड्यातले बाजार करायचे. शहाद्याहून एसटीनं धडगाव, तिथून पायी किंवा मिळेल त्या गाडीनं पुढे. सुट्टीत मला सोबत न्यायचे. संध्याकाळी परतीची गाडी चुकली की एका पाड्यावर मुक्काम ठरलेला. तिथल्या भिल्ल म्हाताऱ्याची आणि अब्बांची दोस्ती होती. अब्बा त्यांना उधारीवर धोतर द्यायचे, ते अब्बांना महुआची फुलं, चारोळी, मध द्यायचे. मी त्यांना 'बाबा' म्हणायचो. ते मला 'पोऱ्या' म्हणत. ते आपल्या बोलीत बोलायचे, मी इथे मराठीत सांगतो आहे.

बाबांच्या झोपडीत आढ्याला तीरकामठा टांगलेला असायचा. बांबूचा कामठा. आणि नवल म्हणजे त्याची दोरीही बांबूचीच, सालीची लांब पट्टी तासून केलेली. बाण बोरूचा, मागे पिसं दोऱ्यानं बांधलेली, पुढे लोखंडी पातं. मी तो ओढायचा प्रयत्न केला तर चार बोटंसुद्धा हलला नाही.

बाबांनी शिकार कधीच सोडली होती. १९७२ चा कायदा आला, जंगलखात्याची माणसं फिरू लागली, आणि कायद्याआधीच जंगल विरळ झालं होतं. "मारायला काही उरलं नाही, आणि जे उरलं ते मारावंसं वाटत नाही," असं ते म्हणत. तीरकामठा आता होळीला नाचताना हातात घ्यायचा, नाहीतर रात्री शेताच्या माचाणावर सोबतीला ठेवायचा. पण तरुणपणच्या शिकारी त्यांना काल घडल्यासारख्या आठवत. शेकोटीजवळ ते सांगत आणि मी ऐकत बसे. मारलेल्या जनावरांबद्दल ते फार कमी बोलत. बोलत ते न मारलेल्यांबद्दल.

शिकारीला निघताना कंबरेला राखेची पुरचुंडी बांधायची. चिमूटभर सोडली की वारा कुठे जातो ते दिसतं. सकाळी ऊन चढेपर्यंत डोंगरावरची गार हवा खाली उतरते, म्हणून सकाळी खालून वर जायचं. ऊन तापलं की हवा दरीतून वर चढते, तेव्हा वरून खाली यायचं. तुझा वास जनावराच्या आधी पोहोचला तर तू शिकारी नाहीस, तू नुसता फिरायला आलेला माणूस आहेस.

पायाची बाहेरची कड आधी टेकवायची, खाली काटकी आहे का ते पायाला कळू द्यायचं, मग वजन टाकायचं. तीन पावलं चालायचं आणि थांबायचं. जनावरही असंच चालतं. सतत एका लयीत चालतो तो फक्त माणूस, म्हणून जंगल त्याला लांबून ओळखतं. सातभाई कलकलायला लागले की जिथे असशील तिथे बसायचं. त्यांनी तुला पाहिलंय, आणि आता सगळ्यांना सांगतायत. ते गप्प होऊन पुन्हा पाचोळा उकरायला लागेपर्यंत हलायचं नाही.

आणि बाण कधी सोडायचा? "डोळा दिसला पाहिजे," बाबा म्हणायचे. जनावराचा डोळा स्वच्छ दिसेल इतकं जवळ गेल्याशिवाय नाही. तोंड तुझ्याकडे असेल तर नाही. पळत असेल तर नाही. मध्ये गवत असेल तर नाही. कुशीवर उभं, पुढचा पाय जरा पुढे टाकलेला, आणि तुझा श्वास शांत. यातलं एक जरी नसेल तर कामठा खाली. "दहा वेळा गेलो तर नऊ वेळा बाण भात्यातच परत यायचा," ते सांगत, आणि हे सांगताना त्यांना मुळीच कमीपणा वाटत नसे.

त्यांची एक गोष्ट मला फार गमतीची वाटे. ते दोरी दोन बोटांनी ओढत, पहिलं आणि मधलं. अंगठा बाजूला, मोकळा. मी विचारलं, "अंगठा का नाही लावत?" ते हसले. "आमचा अंगठा दिला ना एकदा गुरूला. दिलेली वस्तू परत वापरत नाहीत." एकलव्याची गोष्ट मी तेव्हा पाठ्यपुस्तकात वाचली होती. पुस्तकात ती गुरुभक्तीची गोष्ट होती. बाबांच्या तोंडून ती तशी वाटली नाही. ते रागानं बोलले नव्हते, पण विसरलेही नव्हते.

*

मी दहा वर्षांचा असेन. दिवाळीची सुट्टी. सायकलच्या ट्यूबची गलोल बनवली होती आणि पाड्याभोवती मिरवत होतो. ओढ्याकाठच्या झाडावर एक होला बसलेला. मी खडा मारला. लागेल असं वाटलंच नव्हतं. दोन-तीन पिसं हवेत तरंगली, होला कसाबसा उडाला आणि पलीकडे घाणेरीच्या जाळीत पडला.

मी नाचत घरी आलो. अब्बांना सांगितलं, बाबांना सांगितलं. "लागला! पिसं उडाली!"

बाबांनी विचारलं, "कुठंय?"

"जाळीत पडला."

"आणला नाहीस?"

"काटे होते."

ते उठले. अंधार पडत होता. घोंगडी खांद्यावर टाकली, कंदील घेतला आणि म्हणाले, "चल." अब्बा म्हणाले, "राहू द्या, पोरगं आहे, पाखरूच तर होतं." बाबा अब्बांना उलट बोलले नाहीत, पण थांबलेही नाहीत.

आम्ही त्या जाळीपाशी गेलो. त्यांनी मला आधी त्याच जागी उभं केलं जिथून मी खडा मारला होता. कुठे बसला होता? कोणत्या फांदीवर? उडाला तेव्हा कुठला पंख खाली होता? मला काही सांगता येईना. मी फक्त पिसं पाहिली होती. मग पिसं शोधली, दोन सापडली. पुढे पानावर रक्ताचा एक ठिपका सापडला, तुरीच्या दाण्याएवढा. तिथे त्यांनी दगडावर दगड ठेवला.

"ही खूण. पुढे काही दिसलं नाही तर परत इथे यायचं. इकडे तिकडे धावायचं नाही. शेवटच्या थेंबापासून पुन्हा."

आम्ही तासभर शोधलं. माझे हात ओरबाडले, मी रडायला लागलो. सकाळी पुन्हा गेलो. त्या दगडापासून पुन्हा सुरुवात. बाबा गुडघ्यांवर बसून पान न् पान उलटत होते, सत्तरी गाठलेला माणूस, एका होल्यासाठी. शोधता शोधता बोलत होते. जनावराला बाण लागला की लगेच मागे धावायचं नाही. जाताना विडी ओढायची नाही, बाण सुटल्यावर मात्र बसून एक विडी संपवायची. मागे धावलं तर ते घाबरून कोसभर पळतं, बसून राहिलं तर ते जवळच आडवं होतं. मग जाऊन रक्त बघायचं. गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुसाला लागलं, फार लांब नाही. काळपट असेल तर काळजाला, थांब. हिरवट घाण मिसळलेली असेल तर कोठ्यात गेला बाण, अर्धा दिवस थांब. पण मग जा. थांबायचं, पण जायचंच. रात्र झाली तर सकाळी जा. सकाळी नाही सापडलं तर दुपारी.

होला सापडला नाही.

परतताना बाबा एवढंच म्हणाले, "मारलंस तर ते तुझं होतं. मारलं नसतंस तर जंगलाचं होतं. जखमी करून सोडलंस, आता ते कुणाचं?"

गलोल मी स्वतःच चुलीत टाकली. बाबांनी तसं सांगितलं नव्हतं.

*

पुढे शिकलो, डी.एड., मग बी.एड., नोकरी लागली. बाबा कधी गेले ते आम्हाला उशिरा कळलं. पण त्यांचं बोलणं मला पुन्हा दोन ठिकाणी भेटलं, आणि दोन्ही वेळा मी दचकलो.

एकदा हदीस वाचताना. हातिमताईची गोष्ट आपल्या घराघरांत माहीत आहे, त्या हातिमचे चिरंजीव अदी बिन हातिम हे पैगंबरसाहेबांचे (स.) सहाबी. ते पट्टीचे शिकारी होते आणि शिकारीबद्दलचे बारीकसारीक प्रश्न त्यांनी विचारले आहेत. त्यांना मिळालेल्या उत्तरांचा सारांश असा: बाण सोडताना अल्लाहचं नाव घे. जनावर तेव्हा सापडलं नाही, एक-दोन दिवसांनी सापडलं, आणि अंगावर तुझ्याच बाणाची जखम असेल, दुसरी कसलीच नसेल, तर खा. पण ते पाण्यात पडलेलं सापडलं तर खाऊ नकोस, कारण ते तुझ्या बाणानं मेलं की बुडून, हे तुला माहीत नाही. बाण आडवा लागून नुसत्या माराच्या धक्क्यानं मेलं असेल तरी खाऊ नकोस.

मौलवीसाहेबांकडे हे हलाल-हरामचे मसले म्हणून शिकलो होतो. पुन्हा वाचताना त्यात बाबा दिसले. एक-दोन दिवसांनी सापडलं तर, याचा अर्थ शिकारी दोन दिवस शोधतो आहे. जखम तुझ्याच बाणाची आहे का ते बघ, याचा अर्थ तुझा बाण कुठे लागला ते तुला माहीत असलं पाहिजे. इब्न उमर (रजि.) यांचीही एक हकीकत आहे. काही पोरं एक पक्षी बांधून त्याच्यावर नेमबाजीचा सराव करत होती. इब्न उमर दिसताच पोरं पळाली. जिवंत प्राण्याला निशाणा करणाऱ्याचा पैगंबरांनी (स.) धिक्कार केला आहे, हे त्यांनी तिथेच सांगितलं. म्हणजे नेम शिकायचा तोही कुणाच्या जिवावर नाही.

दुसऱ्यांदा बाबा भेटले ते अमेरिकेत. मी गेलो नाही, पुस्तक वाचलं. सालारजंगची अंगठी पाहिल्यापासून अंगठ्यानं दोरी ओढण्याबद्दल मिळेल ते वाचत होतो. त्यात इशीची माहिती मिळाली. १९११ साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिल या गावाजवळ एक उपाशी, एकटा आदिवासी माणूस सापडला. याही जमातीतला तो शेवटचा. बाकीच्यांना सोन्याच्या मागे आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी मारून संपवलं होतं. त्याला सॅन फ्रान्सिस्कोला विद्यापीठाच्या संग्रहालयात ठेवलं. त्यानं आपलं नाव शेवटपर्यंत सांगितलं नाही. 'इशी' म्हणजे त्याच्या भाषेत नुसतं 'माणूस'. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातले सॅक्सटन पोप नावाचे सर्जन त्याचे डॉक्टर आणि मग शागीर्द झाले. इशीनं त्यांना धनुष्य करायला, बाण करायला, जंगलात चालायला शिकवलं. १९१६ साली इशी क्षयानं गेला. पोपनी १९२३ मध्ये धनुष्यबाणाच्या शिकारीवर पुस्तक लिहिलं. अमेरिकेत आजही यंत्राच्या धनुष्याऐवजी साधं लाकडी धनुष्य घेऊन शिकारीला जाणारे लोक त्या पुस्तकाला आपलं पहिलं पुस्तक मानतात.

इशी दोरी अंगठ्यानं ओढायचा. बादशहासारखा. पण शिकारीच्या आदल्या दिवशी तो मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे. पहाटे उठून ओढ्यावर अंघोळ करी, तोंड धुई आणि काही न खाता निघे. मला वुजू आठवला. वासाचं शास्त्र आहेच त्यात, पण तेवढंच नाही. जीव घ्यायला निघालेल्या माणसानं आधी स्वतःला स्वच्छ करावं, असंही आहे. आणि तिथले हे साधे धनुर्धारी एकमेकांना आजही तेच सांगतात: वीसेक यार्डांपलीकडून सोडू नका, बाण लागल्यावर अर्धा तास बसा, पोटात लागला असेल तर कित्येक तास थांबा, रक्ताच्या शेवटच्या थेंबावर खूण ठेवा, आणि शोधल्याशिवाय घरी जाऊ नका. सातपुड्यातल्या माझ्या बाबांनी त्यांचं पुस्तक वाचलं नव्हतं, त्यांनी बाबांचं नावही ऐकलं नव्हतं.

म्हणजे सगळीकडचे जाणते शिकारी एकाच गोष्टीवर येतात. नेम ही निम्मी शिस्त आहे. उरलेली निम्मी बाण सुटल्यानंतर सुरू होते.

*

आता ते टोचणारं सांगतो.

डिसेंबर २०१९. नववीत एक मुलगा होता. हुशार होता, पण गृहपाठ कधी करायचा नाही. त्याचे अब्बा मार्केटमध्ये हमाली करायचे. शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर त्यांनी माझ्यासमोरच अंगठा उमटवला होता आणि शरमून तो धोतराला पुसला होता. त्या दिवशी सलग चौथ्यांदा वही कोरी. मी वैतागलो होतो, कुठल्या तरी अहवालाची घाई होती. सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "तू बापासारखा अंगठाच लावत बसशील."

वर्ग हसला. मुलगा हसला नाही, रडलाही नाही. माझा नेम बरोबर बसला होता. मी छडी कधी वापरत नाही, याचा मला अभिमान आहे. त्या दिवशी छडीची गरजच पडली नाही.

जानेवारीत तो यायचा बंद झाला. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. मग शाळा उघडल्या तेव्हा कितीतरी मुलं आली नव्हती, त्यांत त्याचंही नाव गेलं. कागदावर कारण आलं: स्थलांतर. कुणी मला काही विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. लॉकडाऊनमुळे गळाला, असं म्हणणं सोपं होतं. पण तो लॉकडाऊनच्या दोन महिने आधीच गेला होता, हे मला माहीत होतं. पाण्यात पडलेलं जनावर पाण्यानं मेलं की बाणानं, हा अदी बिन हातिम यांचा प्रश्न माझ्यासमोर होता, आणि मी सोयीनं पाण्याकडे बोट दाखवत होतो.

शिस्तीचा तो तास झाल्यावर, उहदच्या तिरंदाजांबद्दल एवढं चांगलं बोलून झाल्यावर, मी दुसऱ्या दिवशी कपाटातून जुना हजेरीपट काढला. मुलाची तुलना जनावराशी करणं बरं नाही, हे कळतं मला. तुलना त्याची नाही, माझी आहे, एका वाईट शिकाऱ्याशी. शेवटची हजेरी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली होती. तो शेवटचा थेंब. तिथे पेन्सिलनं खूण केली.

त्याच्या बाकावर शेजारी बसणारा मुलगा आता रिक्षा चालवतो. त्यानं सांगितलं, ते स्टेशनमागच्या खोलीत राहायचे. खोलीत आता दुसरे भाडेकरू होते. घरमालक म्हणाले, सुरतला गेले. सुरतचा फोन नंबर बंद. माग संपला. मी परत हजेरीपटापाशी, परत त्या रिक्षावाल्याकडे. "अजून कुणी होतं का त्याचं इथे?" त्याला आठवलं, नंदुरबारला खाला राहते. खाला भेटायला तीन रविवार गेले. ती म्हणाली, मुलगा सुरतहून परत आलाय, नवापूरकडच्या हायवेवर टायरच्या दुकानात कामाला आहे. मी लगेच गाडीला किक मारणार होतो. मग बाबांची विडी आठवली. खालाला म्हणालो, "त्याला आधी कळवा, सर येणार आहेत. नको म्हणाला तर येणार नाही." आठवड्यानं निरोप आला: या.

तो ट्रकच्या चाकाशी बसला होता. उठला, हात पुसले, "अस्सलामु अलैकुम सर" म्हणाला आणि चहा सांगितला. मला वाटलं होतं तो ओळख दाखवणार नाही. ओळख दाखवली त्यानं मला जास्त त्रास झाला.

"दाखला न्यायचा राहिलाय माझा," तो म्हणाला. त्याला वाटलं मी त्याच कामाला आलोय.

मी म्हणालो, "मी त्या दिवशी जे बोललो, त्यासाठी आलोय. चुकलं माझं."

तो बराच वेळ पान्याशी खेळत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं तुम्ही विसरला असाल."

"विसरलोच होतो," मी म्हणालो. खोटं बोलायला जागा नव्हती. त्याला बाबांची आणि होल्याची गोष्ट सांगितली. त्यानं मन लावून ऐकली, आणि शेवटी विचारलं, "सापडला का मग?" मी नाही म्हणून मान हलवली.

निघताना तो म्हणाला, "सर, शाळा सोडल्यावर एक काम केलं मी. अब्बांना सही शिकवली. तीन महिने लागले. आता बँकेत अंगठा लावत नाहीत ते."

मला उत्तर सुचलं नाही. तीस वर्षांच्या नोकरीत एखाद्या शिक्षकाला जेवढं शिकवता येतं, तेवढं त्या मुलानं एका अंगठ्याला शिकवलं होतं. आणि तेही माझ्या शब्दाची जखम घेऊन. द्रोणांना एकलव्यानं अंगठा दिला. या मुलानं मला काही दिलं नाही. स्वतःच्या बापाला दिलं, हे फार बरं केलं.

दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म असतो, तो मी पुढच्या खेपेला घेऊन गेलो. त्यानं घडी करून दुकानाच्या गल्ल्यात ठेवला. "बघू सर," म्हणाला. यंदाची तारीख निघून गेली. फॉर्म अजून कोरा आहे. त्यानं नाही म्हटलेलं नाही.

त्या मुलीला मी वर्गात शिस्तीचा अर्थ सांगितला होता तो अर्धाच होता. उरलेला मी या वर्षी सांगितला, हमालाच्या मुलाचं नाव न घेता, होल्याच्या गोष्टीतून. तिनं विचारलं, "सर, मग सापडेपर्यंत शोधायचं का?" म्हटलं, हो.

पुढच्या महिन्यात पुन्हा नवापूर रोडला जायचं आहे. नवा फॉर्म बॅगेत ठेवला आहे.